संगणकातील झोप आणि जाग

मुलांनो, तुमच्यापैकी अनेकांनी संगणकावर क्रिकेटचा, फुटबॉलचा किंवा मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळला असेल. खेळ सुरू केला की पहिली पाच-दहा मिनिटे मजेत जातात. मोटार सुसाट धावते. मग एकाएकी चित्र अडखळू लागते. वळण येते, मोटार क्षणभर जागीच थबकते आणि पुढच्या क्षणी झाडावर आदळलेली दिसते. तुम्ही वैतागता. एक मित्र म्हणतो, "अरे, प्रोसेसरचे सगळे कोअर चालू कर, मग बघ गेम कसा पळतो!" दुसरा म्हणतो, "नवे कार्ड घ्यावे लागेल." तिसरा पेन ड्राइव्हवर एखादा प्रोग्रॅम घेऊन येतो आणि म्हणतो, "हा टाक, सगळे आपोआप होईल."

यांपैकी कोणाचे ऐकावे? घरात संगणक बहुधा एकच असतो. त्यावर आपाचा अभ्यास चालतो, अब्बांच्या दुकानाचा हिशेब ठेवलेला असतो, शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात. तो बिघडला तर नुकसान केवळ खेळाचे होत नाही. म्हणून काहीही बदलण्यापूर्वी त्या पेटीच्या आत काय चालते, ते समजून घेऊ.

परतवाड्यात लाकडाचा जुना व्यापार आहे. मेळघाटच्या जंगलातील सागवान इथल्या डेपोत येते. गावातील आरामशीन तुम्ही पाहिली असेलच. 'आरा' हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे. समजा, एका आरामशीनवर चार आरे आहेत आणि प्रत्येक आऱ्याला वेगळी मोटर आहे. कोणते लाकूड कोणत्या आऱ्याकडे पाठवायचे, हे मुकादम ठरवतो. (मुकादम हा शब्दही परका नाही; तो अरबीतील 'मुकद्दम'चाच मराठी अवतार आहे.) लाकूड भरपूर असेल तेव्हा चारही आरे फिरतात. लाकूड थोडे असेल तेव्हा मुकादम दोन मोटरी बंद करतो. रिकामा आरा फिरवत ठेवला तर वीज फुकट जाते आणि मोटर उगाच तापते.

संगणकाचा प्रोसेसर म्हणजे अशीच एक आरामशीन आहे. तो बोटभर लांबीचा असतो, पण त्याच्या आत काम करणारे अनेक भाग असतात. या प्रत्येक भागाला 'कोअर' म्हणतात. कोणात चार कोअर असतात, कोणात सहा, कोणात सोळा. कोणते काम कोणत्या कोअरला द्यायचे, हे विंडोजसारखी कार्यप्रणाली ठरवते. ती इथली मुकादम. आणि रिकामा कोअर काय करतो? तो झोपतो.

पूर्वी असे नव्हते. पुण्यात जन्मलेले अभियंते विनोद धाम यांचे नाव पेंटियम या प्रोसेसरशी जोडले जाते. तो पेंटियम १९९३ मध्ये बाजारात आला. त्यात एकच कोअर होता आणि त्याची गती ६० किंवा ६६ मेगाहर्ट्झ होती, म्हणजे सेकंदाला सुमारे सहा-साडेसहा कोटी ठोके. पुढच्या दहा वर्षांत ही गती पन्नास पटींनी वाढली. २००२ मध्ये पेंटियम फोरने ३ गिगाहर्ट्झचा टप्पा ओलांडला. सर्वांना वाटले, आता ४, मग ५, मग १० गिगाहर्ट्झ येतील. तसे झाले नाही. २००४ मध्ये इंटेल कंपनीने आपला ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर आणण्याचा बेत सोडून दिला. अडचण होती उष्णतेची. गती वाढवावी तसा प्रोसेसर भयंकर तापू लागला होता.

मग कंपन्यांनी वेगळा मार्ग धरला. एकाच आऱ्याला वेड्यासारखे फिरवण्यापेक्षा दोन आरे बेताने फिरवावेत, असे त्यांनी ठरवले. २००५ मध्ये दोन कोअरचे प्रोसेसर घरगुती संगणकांत आले. अनेकांनी मिळून काम करण्याची ही कल्पना मात्र आपल्या भागाला नवी वाटू नये. तुमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर यांनी पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत तिचाच उपयोग केला होता. त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. एकच प्रचंड प्रोसेसर बनवण्याऐवजी त्यांनी अनेक लहान प्रोसेसर एकमेकांना जोडून एका कामाला लावले.

इथे एक प्रश्न तुमच्या मनात येईल. कोअर अनेक आहेत, तर गेम तितक्याच पटीने जलद का होत नाही? कारण सर्व कामे वाटून घेता येत नाहीत. शंभर फळ्या चार आऱ्यांवर वाटता येतात. पण एकच लांब ओंडका मधोमध चिरायचा असेल, तर तिथे एकच आरा चालतो, बाकीचे तीन बघत उभे राहतात. अमेरिकेचे संगणकतज्ज्ञ जीन अम्डाल यांनी १९६७ मध्येच हे दाखवून दिले होते. कामाचा जो भाग वाटता येत नाही, तोच शेवटी एकूण वेग ठरवतो. गेममध्ये असा न वाटता येणारा भाग पुष्कळ असतो. खेळाडूने कळ दाबली, त्यावरून मोटार वळली, वळल्यामुळे ती कठड्याला घासली, घासल्यामुळे तिचा वेग घटला. ही साखळी एकामागून एकच सोडवावी लागते. म्हणून गेम चालू असताना एखादा कोअर घामाघूम झालेला असतो आणि दुसरे दोन-तीन डुलक्या काढत असतात. हे पाहून "माझे कोअर झोपले आहेत, म्हणून गेम अडखळतो" असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ते बहुधा काम नसल्यामुळे झोपलेले असतात.

आता झोपेकडे जरा बारकाईने पाहू. विषयाचे खरे मर्म तिथेच आहे.

प्रोसेसर वीज तीन प्रकारे वाचवतो. पहिला प्रकार म्हणजे गती कमी करणे. काम हलके असेल तर कोअर हळू चालतो आणि त्याला दिलेला विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, तोही कमी केला जातो. यात मोठा लाभ असतो. लागणारी वीज ही गतीच्या प्रमाणात असते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. गती २० टक्क्यांनी कमी केली आणि व्होल्टेजही २० टक्क्यांनी कमी केले, तर गुणाकार करून पाहा: ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८ म्हणजे ०.५१२. काम पाचव्या हिश्शाने घटले, पण वीज जवळजवळ निम्मी झाली! हा हिशेब लक्षात ठेवा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

दुसरा प्रकार म्हणजे झोप. कोअरला काहीच काम नसेल तर तो थांबतो. थोडा वेळ थांबायचे असेल तर हलकी झोप, जास्त वेळ थांबायचे असेल तर गाढ झोप. गाढ झोपेत त्याची वीज जवळजवळ तोडलेलीच असते. यातून जागे व्हायला वेळ लागतो, पण तो किती? गाढ झोपेतूनही कोअर सेकंदाच्या काही हजाराव्या भागाच्या आतच उठतो. बहुतेक वेळा त्याहूनही पुष्कळ कमी वेळात.

तिसरा प्रकार म्हणजे 'पार्किंग'. यात मुकादम आधीच ठरवतो की सध्या अमुक कोअरकडे काम पाठवायचेच नाही. काम उरलेल्या कोअरवर गोळा केले जाते, म्हणजे रिकामे कोअर निवांत झोपू शकतात. विंडोजमध्ये ही पद्धत २००९ च्या विंडोज ७ पासून ओळखीची झाली. मित्र जे "सगळे कोअर चालू कर" म्हणतो, ते बहुधा हे पार्किंग बंद करण्याविषयी असते.

गेमला हे का बाधते, ते पाहण्यासाठी आणखी एक आकडा हवा. पडद्यावर हलणारे चित्र दिसते, ते खरे म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रे असतात. सेकंदाला ६० चित्रे दिसली की हालचाल गुळगुळीत वाटते. म्हणजे एका चित्रासाठी सेकंदाचा साठावा भाग मिळतो. हजाराव्या भागाला मिलिसेकंद म्हणतात. त्या मापाने ही मुदत सुमारे १६.७ मिलिसेकंद होते. या मुदतीत प्रोसेसरने सारा हिशेब करायचा, चित्राचे हुकूम ग्राफिक्स कार्डाला द्यायचे आणि कार्डाने चित्र काढायचे. एखादे चित्र ४० मिलिसेकंद घेऊन बसले की डोळ्यांना झटका जाणवतो.

झोपेतून उठायला एक मिलिसेकंदाहूनही कमी वेळ लागत असेल, तर १६.७ मिलिसेकंदांच्या मुदतीत त्याचा फारसा पत्ता लागत नाही. खरी अडचण होती ती गती वाढवण्यात. जुन्या प्रोसेसरमध्ये गती केव्हा वाढवायची हे विंडोज ठरवत असे. ते थोड्या थोड्या वेळाने पाहणी करी, काम वाढल्याचे त्याच्या लक्षात येई, मग ते प्रोसेसरला हुकूम देई. यात कित्येक मिलिसेकंद जात. कधी कधी एखादे चित्रच त्यात हातचे निघून जाई. इंटेलने २०१५ च्या स्कायलेक प्रोसेसरपासून हा निर्णय प्रोसेसरच्याच हाती देण्याची सोय केली आणि हा विलंब पुष्कळ कमी झाला. म्हणून तुमचा संगणक २०१० च्या सुमाराचा असेल तर वीजबचतीची सेटिंग बदलून थोडा फरक दिसू शकतो. अलीकडचा असेल तर बहुतेक वेळा दिसत नाही.

या सेटिंगमुळे खरोखर फरक पडल्याचे एक उदाहरण घडले आहे. २०१७ मध्ये एएमडी कंपनीने रायझन नावाचे प्रोसेसर बाजारात आणले. विंडोजची नेहमीची 'बॅलन्स्ड' पद्धत त्यांना मानवेना. ती कोअर पार्क करी आणि गती वाढवायला वेळ लावी. काही गेम त्यामुळे मंद चालत. तेव्हा कंपनीने त्याच वर्षी एप्रिल महिन्यात स्वतःची 'रायझन बॅलन्स्ड' नावाची योजना काढली आणि तीत पार्किंग बंद ठेवले. गेम सुधारले.

पण याच कंपनीने २०२३ मध्ये नेमके उलटे केले! रायझन ७९५०एक्स३डी या प्रोसेसरात १६ कोअर आहेत. त्यांचे आठ-आठचे दोन गट आहेत. एका गटाजवळ खास मोठी स्मृती आहे आणि गेम त्या गटावर चांगले चालतात. म्हणून गेम सुरू होताच दुसऱ्या गटातील कोअर मुद्दाम पार्क केले जातात, की गेमचे काम तिकडे भरकटू नये. अशा संगणकावर कोणी "सगळे कोअर चालू" केले, तर गेम जलद होण्याऐवजी मंद होण्याचा संभव असतो. २०२१ नंतरच्या इंटेलच्या अनेक प्रोसेसरांतही काही कोअर दणकट आणि काही काटकसरी असे दोन प्रकारचे असतात. तिथेही सरसकट उपाय चालत नाही. एकाचे औषध दुसऱ्याला देऊ नये, हे हकीम सांगतात ते इथेही लागू पडते.

मग परतवाड्याच्या घरातील गेम दहा मिनिटांनी का अडखळतो? पहिली दहा मिनिटे तर सर्व ठीक होते. झोपणाऱ्या कोअरचा दोष असता, तर तो पहिल्या मिनिटापासून दिसला असता. जो त्रास उशिराने सुरू होतो, त्यामागे बहुतेक वेळा उष्णता असते.

वऱ्हाडचा उन्हाळा तुम्हांला सांगायला नको. अकोल्याला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. परतवाडा सातपुड्याच्या पायथ्याशी असले तरी दुपारी भिंती तापतात आणि रात्रीपर्यंत तापलेल्याच राहतात. आता एक सोपा हिशेब करू. प्रोसेसरवर धातूच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा आणि पंखा बसवलेला असतो. तो उष्णता खोलीतील हवेत सोडतो. त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. तो खोलीपेक्षा काही अंशांनी गरमच असणार. समजा, गेम खेळताना एखादा प्रोसेसर खोलीपेक्षा ६० अंशांनी गरम होतो. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असेल, तर प्रोसेसर ८२ अंशांवर राहील. मे महिन्यात खोली ४० अंशांवर असेल, तर त्याला १०० अंशांवर जावे लागेल. बहुतेक प्रोसेसरांची सहन करण्याची मर्यादा ९० ते १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचताच तो स्वतःला वाचवण्यासाठी गती एकदम घटवतो. थोडा थंड झाला की गती वाढवतो, पुन्हा तापतो, पुन्हा घटवतो. तुमची मोटार झाडावर आदळते ती या चढ-उतारामुळे.

तोच संगणक घाट चढून चिखलदऱ्याला नेला, तर तिथल्या गार हवेत तो काहीही न बदलता बरा चालेल! अर्थात गेमसाठी दरवेळी चिखलदऱ्याला जाता येणार नाही.

आता समजा, अशा तापलेल्या संगणकावर तुम्ही 'हाय परफॉर्मन्स' योजना लावली आणि कोअरना कधीही गती कमी करू नका असे बजावले. काय होईल? प्रोसेसर आधीच मर्यादेला टेकलेला आहे. त्याला अधिक धाव म्हटल्याने तो थंड होणार नाही. डिसेंबरात हीच सेटिंग निरुपद्रवी वाटेल, कदाचित किंचित लाभही देईल. मे महिन्यात तिचा काडीचाही उपयोग होणार नाही. सेटिंग सांगणारा मित्र थंड हवेच्या शहरात राहत असेल, तर त्याचा अनुभव खोटा नसतो. फक्त तो त्याच्या खोलीपुरता खरा असतो.

उलट उन्हाळ्यात वीज कमी करूनच गेम सुधारतो, असेही होते. मघाचा हिशेब आठवा. गती पाचव्या हिश्शाने घटवली की वीज निम्म्यावर येते. वीज निम्मी झाली तर ६० अंशांची वाढ साधारण ३० अंशांची होईल आणि प्रोसेसर १०० ऐवजी ७० अंशांवर राहील. तो थोडा हळू चालेल, पण एकसारखा चालेल. ज्याला कधी सेकंदाला ७० चित्रे मिळत होती आणि कधी २५, त्याला सतत ५० मिळतील. माझ्या मते खेळणाऱ्याला हेच जास्त सुखाचे असते.

हे करायचे कसे? विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स' नावाची जागा आहे. तिथे चालू योजनेच्या प्रगत सेटिंगमध्ये प्रोसेसरच्या वीज व्यवस्थापनाखाली 'मिनिमम प्रोसेसर स्टेट' आणि 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' असे दोन आकडे दिसतात. काही नव्या लॅपटॉपमध्ये हे लपवलेले असते. तिथे फक्त 'पॉवर मोड' निवडता येतो. मिनिमम म्हणजे कोअरची गती किती खाली उतरू द्यायची. तो आकडा १०० केला तर गती खाली येत नाही. मॅक्सिमम म्हणजे गती किती वर जाऊ द्यायची. तो १०० वरून ९९ केला की बऱ्याच प्रोसेसरांत 'टर्बो' नावाची जादा धाव बंद होते. दिसायला एकाच टक्क्याचा फरक, पण काही लॅपटॉपांत तापमान त्यामुळे दहा-पंधरा अंशांनीही उतरते. कारण टर्बोत व्होल्टेज वाढवलेले असते आणि व्होल्टेजचा परिणाम वर्गाच्या प्रमाणात असतो, हे तुम्ही वर पाहिलेच आहे. गेममध्येही बहुधा चित्रांची संख्या ६० वर रोखण्याची सोय असते. पडदा सेकंदाला ६० चित्रेच दाखवणारा असेल, तर ९० चित्रे तयार करून उरलेली ३० फेकून देण्यात काय अर्थ आहे? तीही एक प्रकारची उधळपट्टीच.

लॅपटॉप असेल तर गेम खेळताना चार्जर लावून ठेवा. बॅटरीवर असताना तो मुद्दामच हळू चालतो.

परंतु सेटिंगला हात लावण्यापूर्वी पंखा पाहावा. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. जिनिंगच्या दिवसांत हवेत तंतू उडतात, त्यात रस्त्याची धूळ मिसळते आणि ती गादीसारखी होऊन त्या धातूच्या पात्यांवर बसते. कार्यालयातून निघालेले जुने संगणक स्वस्तात मिळतात. त्यांत ही गादी कित्येक वर्षांची असू शकते. मग ६० अंशांची वाढ ७५ अंशांची होते. संगणक बंद करा, भिंतीतील प्लग काढा, घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि पेटीचे झाकण उघडा. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा व मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा. ओले फडके वापरू नका. ठोकळ्याखालचा लेप वाळला असेल, तर तो बदलण्याचे काम दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावे. पेटी भिंतीला चिकटवून किंवा कपाटात कोंडून ठेवू नये. आणि घरातल्या कूलरची ओली हवा थेट तिच्यावर सोडू नये. खोली थंड झाली तरी पाण्याचे तुषार विजेच्या भागांवर उडणे चांगले नाही.

काही गोष्टी मात्र करूच नका. 'गेम बूस्टर' म्हणून हातोहात फिरणारे अनोळखी प्रोग्रॅम घेऊ नका. पार्किंग बंद करायला जे लागते ते विंडोजमध्येच आहे. बाहेरचा प्रोग्रॅम त्याच्याबरोबर विषाणूही आणू शकतो. बायॉसमध्ये जाऊन व्होल्टेज वाढवू नका. आणखी एक युक्ती फार पसरलेली आहे. 'एमएसकॉन्फिग' उघडा, तिथे प्रोसेसरांच्या संख्येपुढे खूण करा आणि सर्वांत मोठा आकडा निवडा, म्हणजे सगळे कोअर जागे होतात, असे सांगतात. हे चूक आहे. विंडोज मुळातच सगळे कोअर वापरते. ती खूण कोअरची संख्या कमी करून चाचणी घेण्यासाठी ठेवलेली आहे. चुकून लहान आकडा निवडला, तर उरलेले कोअर खरोखरच बंद होतात आणि संगणक रखडतो.

तुमच्या संगणकाचा दोष नेमका कुठे आहे, हे तुम्ही स्वतः शोधू शकता. विज्ञानाच्या प्रयोगवहीत करता तसाच हा प्रयोग आहे. विंडोज १० किंवा ११ असेल तर विंडोजची कळ आणि 'जी' ही कळ एकत्र दाबा. 'गेम बार' उघडते. तीत प्रोसेसर किती टक्के गुंतला आहे, ग्राफिक्स कार्ड किती टक्के गुंतले आहे आणि सेकंदाला किती चित्रे पडतात, हे दिसते. कार्ड ९५ टक्क्यांच्या वर आणि प्रोसेसर निम्मा रिकामा असेल, तर कोअरची कोणतीही सेटिंग मदत करणार नाही. गेममधील चित्रांचा दर्जा एक पायरी कमी करा. 'रिसोर्स मॉनिटर'मध्ये प्रत्येक कोअरचा आलेख असतो आणि पार्क झालेल्या कोअरपुढे 'पार्क्ड' असे लिहिलेले दिसते. 'टास्क मॅनेजर'मध्ये प्रोसेसरची चालू गती गिगाहर्ट्झमध्ये दिसते. पहिल्या मिनिटाला ती ३.५ होती आणि पंधराव्या मिनिटाला २ वर आली, तर चोर सापडला: तो उष्णता आहे.

प्रयोग करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. गेममधील तेच ठिकाण, तीच शर्यत घ्या आणि वीस मिनिटे खेळा. वहीत चार रकाने आखा: वेळ, खोलीचे तापमान, सेटिंग आणि चित्रांची संख्या. चित्रांची संख्या दुसऱ्या मिनिटाला आणि अठराव्या मिनिटाला अशी दोनदा लिहा. सकाळी एकदा करा, दुपारी एकदा करा. सेटिंग आठवत नाहीशी झाली तर घाबरू नका. 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये त्या योजनेच्या मूळ सेटिंग परत आणण्याचे बटण आहे. ते दाबा आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला लागा.